सवलतीचे तिकीट

नीतीचे प्रश्न थोर प्रसंगीच उभे राहतात असा आपला एक समज असतो. धर्मसंकट म्हटले की दोन सैन्यांच्या मध्ये उभा असलेला अर्जुनाचा रथ आपल्या डोळ्यांपुढे येतो. तिकिटाची खिडकी येत नाही. परंतु सामान्य मनुष्याच्या वाट्याला कुरुक्षेत्र क्वचितच येते आणि तिकिटाची खिडकी मात्र वारंवार येते. तेथे तो जे करतो ते इतके क्षुल्लक असते की त्याचा जाब त्यास कोणी विचारीत नाही, आणि तोही स्वतःस विचारीत नाही. मागील हिवाळ्यात रत्नागिरीस अशाच एका खिडकीपाशी एक लहानशी गोष्ट घडली. तीत कोणाचा अपराध नव्हता, कोणी कोणास दुरुत्तर केले नाही, कोणाचा पैसा बुडाला नाही. तरीही ती गोष्ट माझ्या मनातून जाईना, आणि ती का जाईना याचा शोध घेता घेता जे विचार सुचले, ते वाचकांपुढे मांडीत आहे.

रत्नागिरीस गाण्याचे वेड आहे. राज्य नाट्यस्पर्धेतील संगीत नाटके येथील सावरकर नाट्यगृहात झाली आहेत, आणि त्या वेळी नाममात्र दराचे तिकीट काढून आलेल्या लोकांनी ओळीने अनेक रात्री ती ऐकली आहेत. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याने ज्या गावात १८८६ पासून १९१६ पर्यंत बंदिवास भोगला, त्याच गावी त्याच्या राजवाड्याच्या आवारात आता गाण्याचे महोत्सव भरले आहेत. ज्या अंगणात एका राजाचा एकांत होता तेथे तिकीट काढून आलेला कोणीही मनुष्य ख्याल ऐकत बसतो. अशा गावात हौशी मंडळी निपजावीत यात नवल नाही. शाळेतला मास्तर, बँकेतला कारकून, औषधांचा दुकानदार, एखादा वकील, असे दहापंधरा लोक संध्याकाळी कोणाच्या तरी माडीवर जमतात. कोणी ऑर्गनवर बसतो, कोणी तबल्यावर, कोणी सारंगीची उणीव व्हायोलिनने भरून काढतो. आणि वर्षातून एकदोनदा जाहीर कार्यक्रम करतात. नाट्यपदे, ठुमरी, दादरा, मध्येच वाद्यवृंदाची एखादी धून, असा तो बेत असतो. भारदस्त शास्त्रोक्त गाण्याने जो बिचकतो त्यालाही येथे बसता येते, आणि जो जाणकार आहे त्यालाही उठून जावेसे वाटत नाही.

अशाच एका कार्यक्रमास मी गेलो होतो. तिकीट दोनशे रुपये. विद्यार्थ्यांस व साठ वर्षांवरील श्रोत्यांस सवलतीचे तिकीट शंभर रुपये. मी शाळेच्या नोकरीतून निवृत्त झालेला मनुष्य आहे; साठी उलटून काही वर्षे झाली आहेत. निवृत्तिवेतन वेळेवर मिळते, घर स्वतःचे आहे, मुलगा मिळवता आहे. मी खिडकीपाशी जाऊन शंभर रुपये पुढे केले व तिकीट घेतले. आधारकार्ड दाखविण्याची गरज पडली नाही. माझ्या केसांनीच ते काम केले. हे करताना मनाला काडीचाही संकोच वाटला नाही. उलट, गेलेल्या वयाने काहीतरी परत दिले असे एक बारीकसे समाधान वाटले.

माझ्या मागे चाळिशीतील एक गृहस्थ उभे होते. बरोबर बारातेरा वर्षांची मुलगी. बोटांवरून व दंडावर राहिलेल्या दोऱ्याच्या तुकड्यावरून शिवणकाम करणारे असावेत असे वाटले, आणि पुढे ते खरे ठरले. त्यांनी खिडकीतल्या तरुणास विचारले, “दोघांचं मिळून काही कमी होईल का?” तो मुलगा सौजन्याने म्हणाला, “काका, मुलीचं शंभर होईल. तुमचं मात्र पूर्ण घ्यावं लागेल. सवलत विद्यार्थी आणि साठीच्या वरच्यांनाच आहे.” त्यांनी खिशातल्या नोटा बाहेर काढल्या, पाहिल्या, एक नोट खिडकीत दिली, एक तिकीट घेतले आणि मुलीस म्हणाले, “तू जा आत. मी आहे इथे.”

मध्यंतरात मी बाहेर आलो तेव्हा ते नाट्यगृहाच्या पायरीवर बसलेले होते. दार लोटलेले असले तरी गाणे बाहेर येत होते. ओळख नसताना काय बोलावे हे न सुचून मी म्हटले, “कार्यक्रम चांगला रंगला आहे.” ते म्हणाले, “हो. पण दुसऱ्या पदात तबला जरा मागे राहिला, नाही का? पुढं सावरलं त्यांनी.” मी आत सहाव्या रांगेत बसून ते पद ऐकले होते, आणि तबला मागे राहिल्याचे माझ्या लक्षात आले नव्हते. मी माझे तिकीट पुढे केले व म्हणालो, “उरलेला कार्यक्रम तुम्ही आत बसून ऐका ना, मी पुष्कळ ऐकले.” ते चटकन उठून उभे राहिले. “नको हो सर. इथं बरं ऐकू येतंय, वारा पण आहे.” त्यांच्या स्वरात राग नव्हता, पण तो विषय तेथेच संपला होता. मी आत जाऊन बसलो. उत्तरार्धातले एकही पद मला नीट आठवत नाही.

एवढीच ती गोष्ट. आता प्रश्न असा की, येथे चुकले काय? मंडळाने नियम केला होता आणि तो जाहीर केला होता. त्या तरुणाने तो प्रामाणिकपणे पाळला. मीही नियमाप्रमाणेच वागलो. आणि सर्वांच्या नियमाप्रमाणे वागण्याचा परिणाम असा झाला की ज्यास शंभर रुपये सहज देता आले असते त्याचे शंभर रुपये वाचले, आणि ज्याच्यापाशी तेवढे शंभर रुपये नव्हते तो पायरीवर बसला. सवलत ही वस्तू ज्यासाठी निर्माण झाली, तिच्या नेमके उलट कार्य तिने येथे केले.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल की सवलतीत नीती शोधणे हाच मुळी भ्रम आहे. सवलत हा हिशेबाचा भाग आहे. नाट्यगृहातील रिकामी खुर्ची कोणास काही मिळवून देत नाही. तीवर अर्ध्या दराने कोणी बसला तर तेवढाच लाभ. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली आपल्या ग्रंथात एकाच मालाच्या अनेक किमतींचे वर्गीकरण केले. ग्राहकांचे गट पाडून प्रत्येक गटाकडून त्यास झेपेल तेवढे घ्यावे, हा त्यातील एक प्रकार. विद्यार्थी व वृद्ध हे असेच दोन गट होत, कारण त्यांस ओळखणे सोपे असते. ही उपपत्ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तिच्या पोटात काय दडू शकते एवढेच दाखवितो. फ्रान्समधील अभियंता द्यूप्वी याने १८४९ साली आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवून ठेवले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना त्या काळी छप्पर नसे, बाके लाकडाची असत. ते छप्पर घालण्यास काही मोठा खर्च येत होता असे नव्हे. परंतु तिसरा वर्ग सुखाचा झाला तर दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारा प्रवासी तिसऱ्यात जाऊन बसेल, ही कंपनीला धास्ती. सारांश, गरिबास भिजविण्यात कंपनीचा त्याच्यावर रोष नव्हता. श्रीमंतास भिववावे एवढाच हेतू होता. गरीब मनुष्य मध्ये सापडला, इतकेच.

हे निरीक्षण वाचल्यापासून मी कोणत्याही सभागृहात गेलो की स्वस्त जागा कोठे ठेविल्या आहेत ते आधी पाहतो. खांबाआड, पंख्याचा वारा न पोहोचणाऱ्या कोपऱ्यात, ध्वनिक्षेपकाच्या कर्कश टोकापाशी बहुधा त्या असतात. पण हे असेच असले पाहिजे असा काही सृष्टीचा नियम नाही. लंडन येथे १८९५ साली हेन्री वुड याच्या संचालनाखाली ज्या उन्हाळी संगीतसभा सुरू झाल्या, त्यांत उभ्याने ऐकणाऱ्यास एक शिलिंग पडे. त्या सभा आजही चालू आहेत. आणि उभे राहणाऱ्यांची स्वस्त जागा रंगमंचाच्या अगदी पुढ्यात असते. महाग खुर्च्या तिच्याभोवती आणि मागे. तेथे स्वस्त तिकिटाचा श्रोता किमतीतील उणीव आपल्या पायांनी भरून काढतो, कानांनी नव्हे. आपल्याकडेही पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात, जो भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केला, खुर्चीपेक्षा स्वस्त अशी भारतीय बैठक असते, आणि तेथे सतरंजीवर मांडी घालून बसलेल्यांत जाणकारांची वाण नसते. स्वस्त जागा देताना देणाऱ्याच्या मनात काय आहे हे त्या जागेच्या मांडणीवरून कळते. एक सवलत म्हणते, “तुझ्यापाशी पैसे कमी आहेत, तरीही ये.” दुसरी म्हणते, “तुझ्यापाशी पैसे कमी आहेत, हे विसरू नकोस.”

परंतु तिकिटाला दोष देण्यापूर्वी तिकिटाने आपणांवर जे उपकार केले आहेत त्यांचे स्मरण ठेवणे न्यायाचे होईल. तिकीट नव्हते तेव्हा गाणे सर्वांचे होते, ही समजूत मनास गोड वाटली तरी खरी नाही. तेव्हा उत्तम गाणे दरबारात होते, सरदारांच्या दिवाणखान्यात होते, आणि तेथे शिरण्यास पैसा नव्हे तर आमंत्रण लागे. ते आमंत्रण कोणास मिळावयाचे हे जन्माने ठरलेले असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि रागदारीच्या चाली तिकीट काढणाऱ्या सामान्य प्रेक्षकाच्या कानी पडू लागल्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले ते एखाद्या संस्थानिकाच्या छत्राखाली नव्हे, तर लोकाश्रयावर. या दोन घटनांचे मर्म एकच: गाणाऱ्याने राजाकडे न पाहता लोकांकडे पाहावे, आणि लोकांनी गाणाऱ्यास पोसावे. तिकीट हे त्या नव्या नात्याचे चिन्ह होय. तिकीट काढणाऱ्यास त्याचे कूळ विचारले जात नाही, निदान तत्त्वतः तरी नाही.

रत्नागिरीकरांस हे तत्त्व समजावून सांगावयास नको. याच गावी भागोजी शेठ कीर यांच्या द्रव्यातून व सावरकरांच्या प्रयत्नांतून १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले, ते ज्या दारांवर जन्म विचारला जात होता त्यांना उत्तर म्हणून. जन्माने बंद केलेले दार उघडावयास किती श्रम पडतात हे ज्या गावाने पाहिले, त्या गावाला पैशाने बंद झालेले दार दिसू नये काय? दोन्ही दारे एकसारखी नाहीत, हे मी जाणतो. जन्म बदलता येत नाही, पैसा मिळविता येतो. एकात अपमान हेतुपूर्वक असतो, दुसऱ्यात तो न कळत घडतो. परंतु पायरीवर बसलेल्या मनुष्यास दार आतून कसे दिसते याची माहिती नसते. त्याला ते बाहेरूनच दिसते.

आता किमतीचा विचार करू. दोनशे रुपये ही त्या गाण्याची किंमत होती काय? असती तर शंभर रुपये देऊन मी अर्धेच गाणे ऐकले असे म्हणावे लागेल. गाण्याची किंमत तिकिटावर लिहिलेली नसते. तेथे लिहिलेला असतो तो नाट्यगृहाचे भाडे, ध्वनिक्षेपकाचे पैसे, साथीदारांचे मानधन आणि चहापाणी यांचा श्रोत्यांच्या संख्येने केलेला भागाकार. या भागाकारात कोणी अधिक द्यावे, कोणी उणे द्यावे, याने गाणे वाढत नाही की घटत नाही. एक मोठे उदाहरण घेऊ. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केले. त्या प्रयोगाचे दर नेहमीच्या दरांहून कितीतरी चढे होते, आणि लोकांनी ते अभिमानाने दिले. अवघ्या तीन महिन्यांत केशवराव निवर्तले, त्यामुळे त्या रात्रीचे स्मरण महाराष्ट्राने अधिकच हळवेपणाने जपले. त्या रात्री ज्याने चढा दर दिला त्याने आपल्याला कोणी फसविले असे म्हटले नाही, आणि तो ओशाळलाही नाही. तो मान सांगत फिरला. मग मला असे विचारावयाचे आहे की, भागाकाराहून अधिक देणाऱ्यास जर त्यात भूषण वाटते, तर भागाकाराहून कमी देणाऱ्यास लाज का वाटावी? दोघांच्याही देण्याचा गाण्याच्या मोलाशी सारखाच संबंध आहे, म्हणजे काहीच नाही.

लाज वाटते, कारण आपण या दोन गोष्टींना दोन नावे देऊन ठेविली आहेत. अधिक देणे म्हणजे औदार्य, आणि कमी देणे म्हणजे सवलत घेणे. एवढेच नव्हे, तर मुळीच न देण्याचीही एक प्रतिष्ठित रीत आहे. बहुतेक कार्यक्रमांत पहिली रांग कोणासाठी राखून ठेवलेली असते? अधिकारी, पुढारी, देणगीदार, त्यांची कुटुंबे. त्यांच्यापाशी पूर्ण तिकिटाचे पैसे नसतात असे कोणीही म्हणणार नाही. तरी त्यांना पास घरपोच जातो, आणि कित्येकदा त्या खुर्च्या रिकाम्याच राहतात. ज्यास सर्वांत अधिक देता येईल तो फुकट बसला तर त्यास निमंत्रण म्हणतात, आणि ज्यास सर्वांत कमी देता येईल त्याने अर्धे दिले तर त्यास सवलत म्हणतात. भाषेने केलेला हा पक्षपात खिडकीतल्या कोणत्याही नियमापेक्षा जुना आहे.

येथे कोणी म्हणेल, तिकीटच काढून टाका. सर्वांना मुक्तद्वार ठेवा म्हणजे ही कटकट मिटेल. यात वरवर पाहता उदारपणा आहे. परंतु नाट्यगृहाचे भाडे त्याने मिटत नाही. ते कोणीतरी भरतेच. आणि जो भरतो त्याचे नाव पडद्यावर येते, त्याचे भाषण दोन पदांच्या मध्ये होते, आणि पुढच्या वर्षी कोणास गावयास बोलवावे हे तो सांगू लागतो. म्हणजे दरबार मागच्या दाराने परत येतो. शिवाय, फुकट ऐकणाऱ्याचा एक हक्क जातो, तो म्हणजे नाक मुरडण्याचा. जुन्या नाट्यगृहांत पिट नावाचा स्वस्त वर्ग असे. त्या पिटातून उठलेली वन्समोअरची आरोळी खुर्चीवरच्या रसिकाच्या आरोळीइतकीच नटापर्यंत पोहोचे, आणि नापसंतीही तशीच पोहोचे. त्या अधिकाराला आधार होता तो पिटातल्या प्रेक्षकाने दिलेल्या चार आण्यांचा, आठ आण्यांचा. तबला मागे राहिला असे म्हणणाऱ्या माणसाला त्याचे थोडे का होईना पण पैसे देऊन आत बसावयाचे होते. माझे तिकीट दान म्हणून नको होते. मी ते पुढे केले तेव्हा मला वाटले मी चूक दुरुस्त करीत आहे. वस्तुतः मी तिच्यात भर घालीत होतो. गीतेने सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल व पात्र यांची अट घातली आहे. मी पात्राचा विचार केला, परंतु लोकांच्या येण्याजाण्याची पायरी हा देश नव्हे आणि मध्यंतर हा काल नव्हे, हे मला सुचले नाही.

दुसरा कोणी म्हणेल, सवलत वयावर न ठेवता गरजेवर ठेवा. ॲरिस्टॉटलने समतेचे दोन प्रकार सांगितले आहेत: सर्वांस सारखे देणे ही एक समता, आणि प्रत्येकास त्याच्या प्रमाणात देणे ही दुसरी. न्याय्य वाटणी दुसऱ्या प्रकारची असते. तत्त्व निर्विवाद आहे. अडचण मोजपट्टीची आहे. प्रमाण कोणी ठरवावयाचे? तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन ठुमरी ऐकावयास कोण येईल? आणि शिधापत्रिकेचा रंग पाहून ज्यास आत सोडले त्यास आतले गाणे ऐकू येईल काय? मनुष्याला आपली गरज शब्दांत मांडावयास लावणे ही स्वतःच एक किंमत आहे, आणि ती पुष्कळदा तिकिटाहून महाग पडते.

म्हणूनच मंडळे वयाचा सोपा निकष पत्करतात. त्यात कोणास काही कबूल करावे लागत नाही. परंतु सोपा निकष दोन्ही बाजूंनी चुकतो. रेल्वेचे उदाहरण आपल्या सर्वांच्या अनुभवातले आहे. साठ वर्षांवरील पुरुषांस चाळीस टक्के व अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांस पन्नास टक्के अशी सवलत मेल-एक्स्प्रेस गाड्यांत मिळत असे. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. ती होती तेव्हा ज्यास गरज नव्हती त्यासही मिळत होती. ती गेली तेव्हा ज्यास गरज होती त्याचीही गेली. गट पाडून केलेल्या न्यायाचे हे व्यंग आहे: तो देतो तेव्हाही माणसाकडे पाहत नाही, आणि काढून घेतो तेव्हाही पाहत नाही.

मग मार्ग कोणता? मला वाटते, तो फार दूर शोधावयास नको. आपल्या कीर्तनात तो शतकानुशतके चालत आलेला आहे. कीर्तन संपत आले की आरतीचे तबक श्रोत्यांतून फिरते. कोणी त्यात रुपया टाकतो, कोणी नोट, कोणी नुसताच हात लावून ज्योतीची ऊब डोळ्यांस घेतो. तबक नेणारा कोणापुढे थांबत नाही आणि कोणास वगळीत नाही. बुवांची बिदागी निघते, दिव्याचे तेल निघते. परंतु कोणी किती टाकले याचा हिशेब घरी कोणी नेत नाही. शिमग्यात आपल्या कोकणात पालखी घरोघर जाते, नमन-खेळे होतात, तीही गावाच्या वर्गणीवर. या जुन्या रीती निर्दोष होत्या असे मी म्हणत नाही. मानपानावरून पालख्या अडल्या आहेत, डोकी फुटली आहेत. आणि कीर्तनात कोणी कोठे बसावे हे एके काळी जातीने ठरत असे, हे विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु त्या तबकात एक शहाणपण होते, ते उचलून घेण्यासारखे आहे. देणाऱ्याची ऐपत देणाऱ्यानेच मोजावी, आणि मोजताना कोणी पाहू नये.

हेच तत्त्व तिकिटाच्या खिडकीस लावणे अशक्य नाही. दोन दर ठेवावेत, तीनही ठेवावेत. फलकावर एवढेच लिहावे की हे सर्व दर सर्वांसाठी खुले आहेत, आपणांस झेपेल तो निवडावा, कोणत्याही जागी बसावे. तिकिटांचा रंग एकच असावा. खिडकीतल्या तरुणाने आकडा ऐकावा आणि तोंडाकडे पाहू नये.

ही सूचना मी त्या मंडळाच्या एका सदस्यांपुढे मांडली तेव्हा ते हसून म्हणाले, “सर, लोक लबाडी करतील. मोटारीतून उतरून शंभराचं तिकीट मागतील.” मी म्हटले, “ती आजही होते. फरक इतकाच की आज ती नियमाने होते.” मी कोणाविषयी बोलत होतो हे त्यांस कळले की नाही, कोण जाणे. वयाच्या आधाराने शंभर रुपये वाचविताना मी कोणताही नियम मोडला नव्हता. आणि तेच या प्रकरणातील खरे दुखणे आहे. नियमाने दिलेली सवलत मनुष्यास विचार करण्याच्या कष्टातून सोडविते. मला मिळते आहे, मग मला ती हवी आहे की नाही हे पाहावयाचे कारण काय? याच्या उलट, दर निवडण्याची मोकळीक दिली की प्रत्येकास क्षणभर स्वतःशी बोलावे लागते. त्या क्षणी काही लोक खोटे बोलतील. पण ते स्वतःशी खोटे बोलतील आणि त्यांस ते ठाऊक असेल. आज मला ते ठाऊकही नव्हते. हिशेबात तूट येईल काय? येऊ शकेल, हे मी नाकारीत नाही. हौशी मंडळाला तूट ही खरीच भीती आहे. ती सभासदांच्याच खिशातून भरावी लागते. म्हणून ज्यास झेपते त्याने अधिक द्यावे ही विनंतीही त्याच फलकावर तितक्याच स्पष्टपणे लिहिली पाहिजे. १९२१ च्या त्या रात्री मुंबईने दाखवून दिले आहे की तशी हाक आपले लोक ऐकतात. हाक मात्र कोणीतरी घातली पाहिजे.

मंडळाने पुढच्या कार्यक्रमास हा प्रयोग एकदा करून पाहण्याचे कबूल केले. मी दोनशे रुपये दिले. यात मोठेपणा काही नाही. मागचे देणे होते. आत जाण्यापूर्वी मी पायरीकडे पाहिले. तेथे कोणी बसलेले नव्हते. ते गृहस्थ आत कोठेतरी, आपल्या मुलीशेजारी बसले होते, की त्या दिवशी आलेच नव्हते, हे मला सांगता येत नाही. खिडकीत विचारण्याची सोय नव्हती, आणि नाट्यगृहात दिवे मालवलेले होते. पहिल्या पदास आरंभ झाला, आणि या खेपेस मी तबल्याकडे लक्ष देऊन ऐकू लागलो.